पथ्य सोडण्याचा दिवस

भागुबाईने हरीभाऊंच्या खालच्या पापण्या अंगठ्याने ओढल्या, त्यांचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि समाधानाने मान हलवली.

"पिवळा टिपूस न्हाय. काका, आज पथ्य सोडा."

श्रीवर्धनात काविळीवर भागुबाईची मुळी घेणारे पुष्कळ होते. ती पैसे घेत नसे. उतार पडला की एक नारळ, आणि रोग्याचं पहिलं तुपाचं जेवण तिच्या डोळ्यांसमोर, एवढाच तिचा नेम. हरीभाऊ महिनाभर अळणी भातावर राहिले होते, सुपारीच्या वाडीतही फिरकले नव्हते. पुण्याच्या मुलीला, मैथिलीला, उगाच घोर नको म्हणून त्यांनी कळवलंही नव्हतं. कळलं तेव्हा तिने त्यांना मुंबईला नेलं. स्वादुपिंडात गाठ निघाली, मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसलेली. कापून काढता येण्यासारखी नव्हती. डॉक्टरांनी पित्ताची वाट मोकळी राहावी म्हणून आत नळी बसवली, केमो सुरू केली. नळीने पिवळेपणा उतरला. आळीत मात्र मुळी लागू पडल्याची बातमी झाली.

मैथिली पुण्याच्या प्रयोगशाळेत नेमक्या याच प्रकारच्या गाठीवर काम करत होती. खरं तर गाठीपेक्षा तिच्याभोवतीच्या आधाराच्या ऊतींवर. वडिलांचं निदान कळल्यापासून तिचे सहकारी फोनवर हळू आवाजात बोलत, आणि त्यामागचं कारण तिला अगदी समजत असे.

"गेली ना गो, मैथिली?" हरीभाऊंनी भागुबाईसमोरच विचारलं.

"कावीळ गेली, बाबा."

"तिला काय इचारता?" भागुबाई हसली. "यवडी शिकली, पण लागली माजीच मुळी."

मैथिलीही हसली. पाचक कॅप्सूल तिने वडिलांच्या तळहातावर ठेवली, भातावर तूप वाढलं. त्यांनी चार घास खाल्ले, पाचवा तोंडातच घोळवत राहिले. भागुबाई नारळ घेऊन गेली तेव्हा त्यांनी ताट सरकवलं.

"कावीळ गेली म्हणालीस. बाकीचं काही बोलली नाहीस."

मग तिला सांगावंच लागलं. गाठ गेलेली नाही. गाठीच्या पेशी शेजारच्या साध्या, चांगल्या पेशींना निरोप धाडतात. त्या निरोपावरून त्या पेशी गाठीभोवती दाट भिंत बांधतात. आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. सलाइनमधून दिलेलं औषध भिंतीपाशीच अडतं, आत पोचतं फार थोडं.

"आपल्याच पेशी?"

"आपल्याच."

"मग ती भिंत पाडा."

"पाडून बघितली, बाबा. उंदरांमध्ये. गाठ अजून पिसाळली. तीच भिंत तिला थोडीफार धरूनही होती."

हरीभाऊंनी दारातून वाडीकडे बघितलं. वादळात पडलेल्या पोफळींच्या जागी लावलेली रोपं आता कमरेएवढी झाली होती. पुढच्या केमोला जायचं का, असं त्यांनी विचारलं. थोडे महिने मिळतील, ती म्हणाली. जाऊ या, ते म्हणाले.

मग ते भिंतीला धरून माजघरात गेले आणि सोललेला नारळ घेऊन आले. सकाळी त्यांनी दोन काढून ठेवले होते.

"हा तुझा."

"मी काय केलं, बाबा?"

"तूही पैसे घेतले नाहीस," ते म्हणाले, आणि आडवे होण्यासाठी आत गेले.

मैथिलीने त्यांचं ताट उचललं नाही. नारळ कानाशी नेऊन हळूच हलवला. आत पाणी होतं.