भरिताचा डाग

मी बोलतेय, संघपाल सरांच्या गळ्यातली दुर्बीण. हसू नका, एका डोळ्याने का होईना, मला अजून दिसतं.

धुळ्याच्या जुन्या बाजारातून सरांनी मला आणलं, त्याला नऊ वर्षं झाली. सर धरणगावला शाळेत शिकवतात. दिवाळीच्या सुमारास थंड मुलखातले पक्षी तलावावर उतरू लागले की दर रविवारी सकाळी आम्ही काठावर हजर. बाकीचे आठ महिने मी कपाटात, मफलरांच्या खाली. तिथेच माझ्या उजव्या काचेला बुरशी धरली. आणि सरांना नेमकी डावा डोळा मिटून पाहायची खोड! मला तोंड असतं तर कधीच सांगितलं असतं.

सरांची एकच इच्छा होती. धुळ्याच्या पक्षीमित्रांच्या यादीत एका तरी दुर्मिळ पक्ष्यापुढे आपलं नाव लागावं. पण यादी नवीनभाऊंच्या हातात, आणि त्यांचा प्रश्न ठरलेला, "सर, फोटो कुठंय?" सरांकडे कॅमेरा नाही. आजवर त्यांनी चार पक्षी कळवले, चारही या प्रश्नावर उडाले.

यंदा सरांना पलीकडच्या बाभळीवर मोठा पांढरा पक्षी दिसला. रोज शाळेआधी जाऊन पाहिलं, तीन दिवस तो जागचा हलला नाही. "लांबून आलाय, दमला असेल," म्हणत सरांनी सगळ्या पक्षीमित्रांना बोलावलं. रविवारी नवीनभाऊंसह दोन गाड्या भरून माणसं आणि कॅमेरे आले. शेजारच्या शेतातले निंबा आबाही पाहायला आले आणि क्षणभर बघून म्हणाले,

"सर, ती मन्हा केळीना घडनी पिशवी शे. वारामा उडी गयी व्हती."

आमच्याकडे केळीच्या घडाला जपायला पांढरी पिशवी घालतात. सगळे पोट धरून हसले. सरांनी मला गळ्यातून काढलं, बांधावर ठेवलं आणि हळूच म्हणाले, "आता पुरे." मफलरांखालचा कोपरा आता बाराही महिने माझाच होणार होता.

पाहुणे उपाशी कसे जातील? आबांनी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली, त्यांच्या पत्नी शेवंताबाईंनी ठेचून भरीत केलं. केळीच्या पानांवर पंगत बसली. वाढून झाल्यावर बाईंनी गंमत म्हणून तेलकट हातांनी मला उचललं आणि डाव्या काचेतून पाहिलं.

"सर, पिशवीना खाले कोन उभं शे? काया शे, पोट धव्वं, चोच नि पाय लाल मिरचीनागत."

काळं अंग, पांढरं पोट, म्हणजे काळा करकोचा! सर पानावरून उठून धावले. सवयीने डावा डोळा मिटला. "धुकं दिसतंय हो."

"दुसरा डोयाघाई दखा ना."

सरांनी दुसऱ्या डोळ्याने पाहिलं आणि मला नवीनभाऊंकडे दिलं. कॅमेरा दोन हातांवर होता, पण त्यांची बोटं तेलाने माखलेली. महागाच्या वस्तूला कोण तेल लावणार? माझ्यासाठी मात्र हात धुवावा असं कुणालाच वाटलं नाही. एकेकाने पाहून घेतलं. हात धुऊन होईतो करकोचा निघून गेला.

संध्याकाळी नवीनभाऊंनी यादीत ओळ घातली: "काळा करकोचा. पाहणारे शेवंताबाई आणि संघपाल सर. फोटो नाही. मी स्वतः पाहिला. नवीन." सरांनी ती इतक्यांदा वाचली की मलाही पाठ झाली.

आता मी दाराजवळच्या खुंटीवर असते. सर माझ्या काचा रोज पुसतात, पुसोत बापडे. पण अंगावरचा भरिताच्या तेलाचा डाग तेवढा राहू द्या, सर. आपल्याकडे फोटो नाही, तोच काय तो पुरावा आहे.