राहून गेलेला आकडा

मी दुरंगी पेन्सिल बोलतेय. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. माझ्या जातीच्या पेन्सिली म्हणे पूर्वी साहेबांच्या टेबलावर असायच्या आणि लोकांच्या चुकांवर रेघोट्या मारायच्या. माझ्या नशिबी तो रुबाब आला नाही. मी आले ट्युनिशियातल्या बिझर्त या बंदराच्या गावी, एका बाईच्या स्वयंपाकघरात, आणि तिथेच झिजले. पण ज्या कामात झिजले ना, ते साहेबांच्या पेन्सिलींना सात जन्मांत जमलं नसतं. उगाच फुशारकी मारत नाही, ऐका तर खरं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. लाकडाचा वास, फिरणारं पातं आणि अंगावर उमटवलेला सोनेरी पट्टा, बस. मग डबा, मग अंधार, मग एकदम दुकानातला गोंगाट. शाळा उघडायचे दिवस होते. पोरांची झुंबड उडाली होती, आणि त्या गर्दीत एक बाई आपल्या ताडमाड मुलाला घेऊन उभी होती. दुकानदाराने रंगीत पेनांचा अख्खा खोका पुढे ठेवला. मुलगा म्हणाला, "एवढे कशाला? उम्मी, मला लाल-निळं पुरे. हिरवं मात्र नको."

उम्मी म्हणजे आई. तिचं नाव मोंजिया. बंदराच्या कचेरीत टायपिंग करायची, निवृत्तीला आली होती. नवरा बशीर, मुलगा शाळेत असतानाच वारला. मुलगा हातेम, ट्यूनिसला इंजिनिअरिंग शिकायचा आणि सुट्टीला घरी यायचा. आता हिरवं का नको, तर हातेमला लाल आणि हिरवा सारखेच दिसतात, जन्मापासून. आईला हे काय ठाऊक नव्हतं? पण आदल्या दिवशी सुडोकूच्या कोड्याच्या नादात विसरली आणि तिने लाल-हिरव्या पेनांनी अख्खा कागद रंगवून त्याच्यापुढे धरला. तो म्हणाला, "उम्मी, हे तू सोडवलंयस की यावर मेंदी सांडलीय?" दोघं पोट धरधरून हसली. त्या हसण्यापायी मी विकत घेतली गेले.

सुडोकू तुम्हाला माहीत असेलच. आडव्या नऊ ओळी, उभ्या नऊ, नऊ पेट्या, आणि प्रत्येकात एक ते नऊ आकडे एकेकदाच. मोंजिया वर्तमानपत्रातलं सोडवायची, सकाळच्या कॉफीबरोबर. कॉफी संपायच्या आत कोडं संपायचं. हातेमने तिला दुसऱ्या जातीच्या कोड्यांची चटक लावली. त्यात कधी घरांभोवती कुंपण असतं आणि आतल्या आकड्यांची बेरीज दिलेली असते. कधी पाऱ्याची नळी असते, तिच्यात तळापासून आकडे चढत जातात. पण मोंजियाची सगळ्यात लाडकी होती ती करडी रेघ. घराघरांतून वळणं घेत जाणारी. तिचा नियम असा, की रेघेवरच्या शेजाऱ्यांत निदान पाचाचं अंतर हवं. म्हणजे लहान आकड्याशेजारी मोठा, मोठ्याशेजारी परत लहान. बिचाऱ्या पाचाला रेघेवर थाराच नाही.

सुरुवातीला कुठलं घर लहानाचं आणि कुठलं मोठ्याचं हे काही कळत नसतं. तिथे माझं काम. ती एका घराला लाल लावायची, शेजारच्याला निळं, पुढच्याला परत लाल. लाल म्हणजे लहान की मोठं, हे तिलाही ठाऊक नसायचं आणि मलाही. एवढंच ठाऊक, की सगळे लाल एका पक्षाचे आणि सगळे निळे दुसऱ्याचे. रंग पसरत जायचा, एक रेघ दुसरीला जोडली जायची, आणि मग कुठल्या तरी कोपऱ्यात एक आकडा सांगून टाकायचा की अरे, लाल म्हणजे लहान. झालं, सगळा कागद धडाधड भरायचा. त्या क्षणी मोंजियाच्या बोटांत जी ऊब यायची ना, ती मला आजही आठवते.

तिचा एक हट्ट होता. अंदाजाने आकडा लिहायचा नाही. अडली तर उठून मिरच्या निवडायची, कुसकुसचं पाणी बघायची, परत येऊन बसायची, पण "बघू तरी तीन घालून" असलं काही नाही. शेजारची दलेंदा तिला म्हणायची, "अगं, मागच्या पानावर उत्तर असतं, ते बघ आणि मोकळी हो." मोंजिया तिच्याकडे अशी बघायची, जणू दलेंदाने दुसऱ्याच्या ताटातला मासा उचललाय.

मग हातेमला जर्मनीत नोकरी लागली.

तो गेला त्या दिवशी मोंजिया रडली नाही. बॅगेत बसीसाच्या भाजक्या पिठाची पिशवी कोंबली, हरिसाच्या तिखट चटणीची बाटली कपड्यांत गुंडाळली, आणि म्हणाली, "जा, सांभाळून राहा." त्याच्या पाठीमागे दार लावून घेतल्यावर मात्र ती माझ्यासमोर टेबलाशी येऊन बसली आणि हुंदके देऊन रडली. दलेंदा आली, म्हणाली, एवढं होतं तर थांब म्हणायचं होतंस. तेव्हा मोंजियाने तिला सांगितलं, की तरुणपणी तिला स्वतःला फ्रान्सला, मार्सेलला शिकायला जायची संधी आली होती. तिची आई दारात बसून रडली, म्हणून ती गेली नाही. "आईचं रडणं पायात अडकतं गं," ती म्हणाली. "मी माझ्या पोराच्या पायात अडकणार नाही. 'ये' हा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही." आणि खरंच निघाला नाही. वर्षानुवर्षं नाही.

त्याऐवजी रविवार आला. रविवारी सकाळी हातेम फोनवर स्वतः रचलेलं कोडं पाठवायचा. मोंजिया पट्टीने कागदावर चौकट आखायची, रेघ काढायची आणि मला हातात घ्यायची. संध्याकाळी त्याचा फोन. पहिला प्रश्न ठरलेला: "कुठून शिरलीस?" मग ती सांगत बसायची, वरच्या डाव्या पेटीतून शिरले, मग निळ्याने मला असं अडवलं, मग मी पाच कुठे बसतो ते शोधलं. तो मधेच म्हणायचा, "वा उम्मी, हा रस्ता तर मलाच सुचला नव्हता." त्या बोलण्यातच जेवलास का, सर्दी गेली का, खोली गरम राहते का, सगळं येऊन जायचं. कधी येतोस, हे मात्र नाही. ते तिच्या घशापर्यंत यायचं. मी तिच्या बोटांत असायचे, मला कळायचं. बोटं माझ्यावर घट्ट व्हायची आणि मग ती रेघेबद्दल काहीतरी विचारायची.

दलेंदा टोमणे मारायची. "माझा मुलगा इटलीहून साबण पाठवतो, तुझा आकडे पाठवतो. स्वतःला पाठवायचं तेवढं दोघंही विसरतात." मोंजिया हसायची. पण ती गेली की हातेमच्या खोलीतली चादर बदलायची, जी कुणी वापरलेलीच नसायची. मला तर वाटतं, तिला त्या चादरीची घडी मोडणारं कुणीतरी हवं होतं.

मी झिजत होते. दुरंगी पेन्सिलीचं झिजणं जरा वेगळं असतं बरं का. दोन्हीकडून शार्पनरच्या फेऱ्या. सोनेरी पट्टा तर केव्हाच गेला. मी बोटाएवढी उरले, मग अर्ध्या बोटाएवढी. मोंजियाने मला कागदाची गुंडाळी बांधून लांब केलं. नवी आणत नव्हती. म्हणायची, हातेमने निवडलेली आहे.

आणि मग या वसंतातला तो रविवार. कोडं आलं, नुसत्या करड्या रेघांचं. एकही आकडा दिलेला नव्हता. मोंजिया खूश झाली, म्हणाली, पोराने आज आव्हान दिलंय. ती रंगवत गेली. लाल, निळं, लाल, निळं. रंग सगळ्या कागदावर पोचले, प्रत्येक ओळीत चार लाल, चार निळे, आणि पाचाचं एकेक कोरं घर. सगळं जुळलं. पण लाल म्हणजे लहान की मोठं, ते काही ठरेना. तिने लाल लहान धरून आकडे मांडले, कोडं सुटलं. मग एकाच्या जागी नऊ, दोनाच्या जागी आठ, असं सगळं उलटं मांडलं. तरीही सुटलं.

तिने मला खाली ठेवलं. चष्मा पुसला. परत तपासलं.

अहो, हे तर व्हायचंच. नुसत्या रेघांचं कोडं घातलं की त्याला दोन उत्तरं येणारच. म्हणून रचणाऱ्याने निदान एक आकडा स्वतःच्या हाताने लिहून द्यावा लागतो. कोडी रचायला शिकणारा पहिल्या आठवड्यात हे शिकतो, आणि मोंजियाला हे शिकवलं होतं हातेमनेच. तो पाठवण्याआधी प्रत्येक कोडं दहादा तपासायचा. दलेंदा म्हणाली, "चुकलं असेल, मुलगा आहे, यंत्र नाही." मोंजिया म्हणाली, "मीठ विसरेल, वाढदिवस विसरेल, हे नाही विसरणार. माझ्या पोराचं काहीतरी बिनसलंय."

तिने संध्याकाळची वाट पाहिली नाही. जेवणाची ताटं तशीच ठेवून फोन लावला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात मी. हातेमचा आवाज बसलेला होता.

"तुझ्या कोड्याला दोन उत्तरं आहेत, बाळा."

तो मग म्हणाला, एखादा आकडा द्यायचा राहून गेला असेल. "ते तुझ्याकडून राहत नाही," ती म्हणाली. त्यापुढे तो टिकला नाही. सगळं बाहेर आलं. त्याचा विभाग बंद झाला होता, नोकरी हिवाळ्यातच गेली होती. आता तिकडे उत्तरेच्या एका गावात काम मिळत होतं, पण पाच वर्षं हलता येणार नव्हतं. आणि इकडे ट्यूनिसमध्ये एक मित्र छोटी कंपनी काढत होता, तो बोलावत होता. उत्तर कळवायची वेळ जवळ आली होती.

"मी दोन्ही रंग लावून पाहिले, उम्मी," तो म्हणाला. "राहिलो तरी सगळं जुळतं, आलो तरी सगळं जुळतं. कुठेच काही मोडत नाही. रोज उठतो आणि दोन्ही तसेच उभे."

मोंजियाची बोटं माझ्यावर आवळली. मला वाटलं, आता ही रेघेबद्दल काहीतरी विचारणार.

"मग एक आकडा मी देते," ती म्हणाली. "मला तू इथे हवा आहेस. मी कधी बोलले नाही, कारण मला तुला अडकवायचं नव्हतं. पण मी हे लपवलं आणि तू त्याच्यावाचून हिशेब मांडत बसलास. मला तुझी फार आठवण येते, हातेम. रोज येते. आता सोडव."

मग तो हळूच म्हणाला, "उम्मी, मी नंतर बोलतो," आणि फोन बंद झाला.

ती तशीच बसून राहिली. दलेंदाने खांद्यावर हात ठेवला, तशी म्हणाली, "झाले मी माझ्या आईसारखी. दारात बसले." पुढच्या रविवारी कोडं आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोनवर दोन ओळींचे निरोप यायचे, बरा आहे, कामात आहे. मोंजिया तरीही पट्टी घेऊन रिकामी चौकट आखायची आणि मला बाजूला ठेवून तिच्याकडे बघत बसायची. रिकाम्या चौकटीत पेन्सिलीने काय करावं? मलाही त्याची आठवण यायची. त्या हसणाऱ्या मुलाची, ज्याने हिरवं नको म्हटलं होतं.

आज सकाळी ती तशीच बसली होती. कंटाळून तिने मला उचललं आणि उगाचच एका घराला लाल लावायला घेतलं, एवढ्यात फोन वाजला.

"उम्मी, कालव्याच्या पुलापलीकडे आहे. झरझूनाच्या बाजूला. टॅक्सी अडकलीय, जहाजासाठी पूल वर उचललाय."

ती उठली ती तशीच पळाली. पायांत घरातल्या सपाता, ॲप्रनला मसाल्याचे डाग, आणि मुठीत मी. तिला भानच नाही. मागून दलेंदा ओरडतेय, अगं कुलूप, अगं चावी, पण ऐकतंय कोण.

आत्ता आम्ही कालव्याच्या काठाला, फाटकापाशी आहोत. पूल मधोमध दुभंगून आभाळाकडे उभा आहे आणि त्याच्यामधून एक भलंमोठं मालवाहू जहाज तळ्याकडे सरकतंय, इतकं हळू की सरकतंय की नाही तेच कळू नये. गाड्यांची रांग लागलीय. लोक खाली उतरून सूर्यफुलाच्या बिया फोडत गप्पा मारताहेत, त्यांना कसली घाई? पलीकडची माणसं जहाजाआड गेलीत. मोंजियाने फोन कानाला लावलाय.

"कुठे उभी आहेस?" तो विचारतोय.

"हात वर केलाय बघ," ती म्हणतेय. "तूही कर."

तिने हात वर केलाय आणि त्या मुठीत मी आहे, नखाएवढी. एवढ्या उंचीवरून मला जहाजाचा गंजका कठडा तेवढा दिसतोय. तो मोठी बॅग घेऊन आलाय की लहान, चार दिवसांसाठी आलाय की कायमचा, तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. मीही फार दिवसांची नाही, पण माझ्यासाठी मला काही मागायचं नाही.

अहो जहाजवाले, जरा नेटाने हाका की. अहो पूलवाले, तो पूल खाली घ्या. बाई केव्हाची हात वर करून उभी आहे.