शिलाई नसलेली अक्षरे

कोपरखैरण्याच्या समाजमंदिरातली पहिल्या मजल्यावरची खोली रोज सकाळी सात वाजायला दहा मिनिटे असताना उघडते. आधी कुलूप खडखडते. मग शिकवणाऱ्या नूरीन मॅडमच्या सपाता खिडकीपाशी जातात, पंख्याचे बटण दाबले जाते आणि सपाता टेबलाशी परत येतात. पाच मिनिटांनी राजाबाईंची जोडवी फरशीवर वाजू लागतात. त्या महाप्याच्या एका कंपनीत साफसफाईचे काम करतात. आठ वीसची बस धरायची असते, म्हणून मोठ्यांच्या या इंग्रजी वर्गात येण्यात त्यांचा पहिला नंबर. सर्वांत शेवटी येतात हौसेरावांच्या टाचा. भेगाळलेल्या, रुंद, आणि उजवी जराशी ओढत येणारी. हौसेरावांनी तीस वर्षे धान्यबाजारात पोती वाहिली. आता त्यांच्या गुडघ्याने संप पुकारला आहे.

हे सारे मी पायांवरून सांगतो आहे. कारण, मित्रांनो, गेली सहा वर्षे मी त्या खोलीतल्या टेबलाच्या आखूड पायाखाली पडून होतो. मी एक जुने पुस्तक आहे. मोठ्या वयात इंग्रजीचा श्रीगणेशा करणाऱ्यांसाठी मला लिहिले गेले. माझे नाव पुठ्ठ्यावर ठळक छापलेले होते. आता तिथे टेबलाच्या पायाचा चौकोनी खळगा आहे.

माझा जन्म होऊन चाळीस वर्षे झाली. त्या छापखान्यात शाईचा वास इतका दाट होता की कामगारांच्या डब्यातल्या भाजीलाही तो लागायचा. माझा कागद खरखरीत आणि किंचित पिवळट. पाठीला दोऱ्याची शिवण. पहिल्या पानावर सव्वीस मोठी अक्षरे, दुसऱ्यावर सव्वीस लहान, आणि तिसऱ्यापासून एक छत्रीवाला गृहस्थ, जो कधी टेबलाशेजारी उभा असे, कधी टेबलामागे. त्याची छत्री कुठे आहे, हे माझ्या विद्यार्थ्यांनी हजारो वेळा सांगितले असेल.

मी पुष्कळ हात पाहिले. वंगणाचे डाग माझ्या अकराव्या पानावर आहेत, हळदीचे सतराव्यावर. एका गिरणी कामगाराने 'आय ॲम' हे दोन शब्द लिहिताना जीभ दातांत धरली होती आणि लिहून झाल्यावर तो उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला होता. त्याचे डोळे भरून आले होते. लहान मुलांना शिकवणारी पुस्तके कदाचित असे काही पाहत नसतील. मोठे माणूस जेव्हा अक्षर गिरवते, तेव्हा ते आपली सगळी इज्जत टेबलावर काढून ठेवते. मला त्याचे नेहमी नवल वाटत आले. एका मास्तरांनी माझ्या पहिल्या कोऱ्या पानावर 'गुणी पुस्तक' असा शेरा लिहिला होता. तो अजून आहे, फिकट.

मग नवी पुस्तके आली. मी कपाटात गेलो, कपाटातून गठ्ठ्यात, गठ्ठ्यातून या खोलीत. टेबल डुगडुगत होते, माझी जाडी नेमकी बसली. तक्रार नाही. टेबलाला आधार देणे हेही कामच आहे. पण पुस्तकाला डोक्यावर वजन घेऊन बंद राहायची सवय कधीच होत नाही.

एके दिवशी संस्थेचे सचिव राजवर्धन सर सकाळीच आले. चकचकीत बूट. वर्गासाठी देणगीतून पन्नास पुस्तके मिळणार होती. कोणती, ते दुपारपर्यंत कळवायचे होते. टेबलावर दोन नमुने आपटल्याचे मला टेबलाच्या पायातून जाणवले.

"नूरीन, हे फायनल करून टाक," सर म्हणाले. "पूर्ण कलर आहे, क्यूआर कोड आहे. हे फोटो बघ. हॉटेल, एअरपोर्ट, सगळं आहे."

"एअरपोर्ट तर आमच्या दारातच आलाय की ओ," राजाबाई म्हणाल्या. "पन आत जायला आमाला झाडू लागतो. इंग्रजी कुनी इचारत न्हाई."

"राजामावशी, तुम्ही आत शिराल आणि मॅनेजरलाच शिकवाल," नूरीन मॅडम हसत म्हणाल्या. उरणकडच्या या मुलीने शिक्षणशास्त्राची पदवी घेतली आहे, आणि कोणतीही गोष्ट पडताळल्याशिवाय ती होकार देत नाही. "सर, दोनातून एक निवडायचं तर बघू दे नीट. अजून काही आहे का आपल्याकडे?"

असे म्हणून ती वाकली. माझ्या पाठीवरची अक्षरे तिने मान तिरपी करून वाचली, टेबल एका हाताने उचलले आणि मला बाहेर ओढले. टेबल कलले, सरांचा चहा बशीत सांडला. सहा वर्षांनी माझ्यावर उजेड पडला.

आणि तेवढ्यात हौसेरावांनी आपली वही टेबलावर ठेवली.

"मॅडम, ही वही ठिवा तुमच्यापाशी. उद्यापासनं येत न्हाई."

"का हो काका? काय टेन्शन आहे?"

हौसेराव एकेक शब्द खाली ठेवत बोलले. गुडघ्यामुळे पोती बंद झाली होती. उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या एका गोदामात मालाची तपासणी करायला माणूस हवा होता. बसून काम, पण खोक्यांवरचे इंग्रजी वाचता यायला हवे. ते गेले. गोदामवाल्यांनी बारा खोकी दिली आणि आपापल्या रॅकमध्ये लावायला सांगितली. हौसेरावांनी डब्ल्यूची खोकी एमच्या रॅकमध्ये रचली. सोमवारी पुन्हा या, शेवटची संधी देतो, असे ते म्हणाले.

"त्यांनी हसून सांगितलं, काका, हे एम न्हवं. मला दोन्ही एकच मार्का दिसतोय. आता या वयात डोस्क्यात शिरायचं न्हाई."

"आवं दादा," राजाबाई म्हणाल्या, "एक डोंगर हाय, एक दरी. एवढं बी दिसंना व्हय?"

"पोतं उलटं पडलं की डोंगराची दरी हुतीच की," हौसेराव म्हणाले. "म्हनून काय आतला गहू बदलतो?"

मित्रांनो, माझ्या चाळीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

नूरीन मॅडमने खुर्ची पुढे ओढली. "काका, बाजारात तुम्ही पोत्यावरचा मार्का कसा वाचता?"

"कसाबी. थप्पीत पोतं आडवं असतंय, उलटं असतंय. मार्का वळखायचा आन् उचलायचं. वर-खाली बघत बसलं तर मागचा मानूस अंगावर येतोय."

"पण पोत्याला वर-खाली असतं ना?"

"असतंय की. जिकडं सुतळीची शिलाई, तिकडं तोंड."

"आणि मराठी? चौथीपर्यंत शिकलात ना. मराठी अक्षर उलटं झालं तर कळतं?"

"कळंल की!" हौसेरावांनी हवेत बोटाने एक आडवी रेघ ओढली. "मराठीला वरनं शिलाई हाय. ही रेघ. तुमच्या इंग्रजीला शिलाईच न्हाई मॅडम. तोंड कुठलं आन् बूड कुठलं, मानसानं वळकायचं कसं?"

मी टेबलावर उताणा पडलो होतो. मला वाटत होते, मी शिकवणारा आहे. समोर बसलेल्या या माणसाने तीस वर्षे हजारो खुणा कोणत्याही बाजूने, पाठीवर वजन घेऊन, चालता चालता वाचल्या होत्या. जे मला एकाच बाजूने वाचता येते, ते त्याला चारही बाजूंनी येत होते. त्याच्या विद्येत माझी अक्षरे बसत नव्हती, कारण आमच्या अक्षरांनी तोंड कुठे आहे हे कधी सांगितलेच नव्हते.

नूरीन मॅडमने शिसपेन्सिल घेतली. रंगीत पुस्तक उघडून डब्ल्यूच्या डोक्यावर रेघ ओढली. गुळगुळीत पानावर पेन्सिल घसरली; काहीच उमटले नाही.

"अगं, पेन घे," सर म्हणाले.

पेनाची शाई तिच्या अंगठ्याला लागून विमानतळाच्या फोटोतल्या आकाशात पसरली.

दुसरा नमुना साधा होता. पातळ, काळ्या छपाईचा, चित्रे थोडी. त्यावर रेघ स्वच्छ उठली. मग तिने मला उघडले. माझ्या खरखरीत कागदात पेन्सिल रुतली, आणि एपासून झेडपर्यंत, ओळीमागून ओळ, माझ्या अक्षरांवर तिने शिरोरेघा ओढल्या. मराठी बाराखडीसारख्या. मला कोणी एवढे सुंदर केले नव्हते.

"बघा काका. एमची शिलाई. डब्ल्यूची शिलाई." आणि तिने मला उलटे फिरवले.

हौसेराव वाकले. त्यांचे जाड बोट रेघेवर थांबले. "शिलाई खाली गेली."

"म्हणजे?"

"म्हंजी पोतं उलटं पडलंय." त्यांनी मला दोन्ही हातांनी धरले आणि हळूच सरळ केले. "आता हा डब्ल्यू. आन् हा एम. येगळं हायत."

"आत्ता गं बया," राजाबाई म्हणाल्या, "गेले दोन म्हैने मीबी पाठच करत हुते नुसतं. मला तरी कुठं ठावं हुतं का येगळं हाय ते."

राजवर्धन सर रंगीत पुस्तकाची पाने चाळत राहिले. "पण नूरीन, देणगीदारांना फोटो पाठवायचा असतो. हे साधं पुस्तक फोटोत कसं दिसेल?"

"फोटोत काकांची वही दाखवा ना सर."

सरांनी रंगीत पुस्तक मिटले. मग त्यांनीच खिशातून पेन काढून तिच्यापुढे धरले. तिने पुस्तकांच्या मागणीचा अर्ज भरला. पुस्तकाच्या नावापुढे साध्या पुस्तकाचे नाव, संख्येच्या रकान्यात पन्नास. शेऱ्याच्या रकान्यात तिने दोनच शब्द लिहिले: पेन्सिल उमटते.

हौसेरावांनी वही परत घेतली. रंगीत पुस्तकाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून नूरीन मॅडमने टेबलाच्या पायाखाली सारला आणि मला हौसेरावांच्या पिशवीत ठेवले. "सोमवारपर्यंत तुमच्याकडे असू दे," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्या वयाची पुस्तके शेवटी एक विनंती करतात. आम्हाला जपा, कव्हर घाला, कोपरे दुमडू नका, असे म्हणतात. मीही पूर्वी तसेच म्हणालो असतो. आता माझे म्हणणे वेगळे आहे. मोठ्या माणसासाठी पुस्तक निवडाल तेव्हा त्यात काय छापले आहे ते बघाच. पण त्यावर त्याला काय लिहिता येईल तेही बघा. आणि आधी त्याला विचारा, त्याला काय येते.

सोमवारी मी द्रोणागिरीला गेलो. गोदामाच्या छताखाली, हौसेरावांच्या खांद्याला लटकलेल्या पिशवीतून माझा अर्धा पुठ्ठा बाहेर डोकावत होता. समोर बारा खोकी होती, काही आडवी, काही उलटी. कोणी काही सांगितले नाही. हौसेराव पहिल्या खोक्यापाशी गुडघा सांभाळत बसले. खोक्याच्या तोंडावरची चिकटपट्टी कुठे आहे ते त्यांनी पाहिले, पट्टी वर येईल असे खोके फिरवले, अंगठ्याच्या नखाने अक्षराच्या डोक्यावरून एक न दिसणारी रेघ ओढली, आणि खोके उचलून डब्ल्यूच्या रॅकमध्ये ठेवले.

मग दुसरे घेतले.