एका दमातला व्हय

कृष्णनाथ परब शत्रूच्या कैदेतून सुटून घरी आला, तेव्हा गावाला सगळ्यात जास्त खटकले ते त्याचे गाल.

एकाहत्तरच्या लढाईत पश्चिम सीमेवर पायाला गोळी लागून तो पकडला गेला होता. वर्षभर तिकडच्या छावणीत राहिला, बहात्तरच्या डिसेंबरात इतर कैद्यांबरोबर सुटला, आणि मग आपल्याच लष्कराने काही आठवडे ठेवून घेऊन त्याची चौकशी केली. माघात तो पेडण्याच्या बसमधून उतरला आणि तोंडभर हसला. तिथेच घोटाळा झाला. कैदेतून आलेला माणूस हडकलेला असणार, असे गावाने ठरवून ठेवले होते. हा तर गेला होता त्याहून भरून आला होता.

"शत्रू कोणाक फुकट जेवण घालता?" दुकानदार गोकुळदास येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारी. "कायतरी सांगल्याशिवाय?"

दुसऱ्या दिवशी कृष्णनाथ त्याच्याकडे काडेपेटी घ्यायला गेला. सुटे पैसे हातात पडताच सवयीने "शुक्रिया" म्हणून गेला. संध्याकाळपर्यंत तो एक शब्द सगळ्या वाड्यांतून फिरून आला. आणि लष्कराने इतके दिवस चौकशी केली, ती काय उगाच?

सदुसष्टच्या मतदानात फूल की दोन पाने, म्हणजे गोवा महाराष्ट्रात घालायचा की वेगळा ठेवायचा, यावर या गावात सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. कृष्णनाथाबद्दल मात्र आठ दिवसांत सगळ्यांचे एकमत झाले.

त्याची आई देवकी हे सगळे ऐकत होती आणि जत्रेला उरलेले दिवस मोजत होती. मुलगा पकडला गेल्याची तार आली तेव्हा तिने ग्रामदेवी सातेरीला सांगणे केले होते: झील जिवंत परत आला, तर जत्रेला गावासमोर नारळ ठेवीन.

गावासमोर, हे महत्त्वाचे. ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जत्रेच्या सकाळी गावाचा मानकरी देवीपुढे गाऱ्हाणे घालतो, म्हणजे गावाच्या वतीने मोठ्याने विनवणी करतो. प्रत्येक मागणीच्या शेवटी तो "रे म्हाराजा" म्हणतो आणि जमलेली माणसे "व्हय म्हाराजा" असा होकार भरतात. होकार मिळाला की मागणी गावाची झाली. नाही मिळाला, तर नारळ उचलून घरी न्यायचा. असा नारळ गावाच्या आठवणीत एकदाच परत गेला होता, आणि तो ज्याचा होता तो पुढे दोडामार्गाकडे निघून गेला, परत आला नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी गोकुळदास घरोघर फिरला. "कृष्णनाथाचा नाव येयत तेव्हा गप रवूचा. भांडण नको, काय नको. नुसता गप."

हे कानावर येताच देवकी धाकूकडे गेली. गाऱ्हाणे घालण्याचा मान त्याच्या घराकडे होता. सत्तरीचा हा म्हातारा अंगणात सुपाऱ्या सोलत बसला होता.

"धाकूभावजी, माझ्या झिलाचा नारळ परत जातलो काय?"

"वहिनी, मी गाऱ्हाणा घालतलंय. व्हय म्हणूचा काम गावाचा." धाकूने सुपारी टोपलीत टाकली. "माझ्याकडे फक्त दम असा. तो मात्र बरो लांब असा."

दुसऱ्या दिवशी देवळाचा चौक भरला. धाकू उपरणे सावरून उभा राहिला.

"बा देवी सातेरी, आज तुझी लेकरां तुझ्या पायांकडे जमली. आमची गुरांवासरां सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या परबांचो कृष्णनाथ सुखरूप घराक इलो, तेचो नारळ मान्य करून घे रे म्हाराजा!"

चौक गप्प. एका बाजूने देवकीचा एकटीचा बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा." कृष्णनाथ मान खाली घालून उभा होता.

धाकूने घाम पुसला. काही झालेच नाही अशा थाटात त्याने छाती भरून घेतली आणि सुरू केले.

"काजूच्या मोहराक धुक्यापासून राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोरांका परीक्षेत पास कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गोकुळदासाच्या दुकानाक बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात गोकुळदासाचाच आवाज सगळ्यांच्या वर. धाकू आता थांबेना. शब्द झरझर येऊ लागले, माणसे तालात डोलू लागली.

"पेडण्याची बस वेळेर येवंदी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गोळी खाऊन जो धरलो गेलो, वरीसभर परमुलखात तुझा नाव घेयत रवलो, तो गावाचोच लेक म्हणान पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चौक दणाणला. गोकुळदासाचा हात तर हवेत होता. तो तिथेच राहिला.

"ह्या खरा नाय!" तो ओरडला. "तो व्हय सवयीचो!"

"बरा," धाकू शांतपणे म्हणाला. "मग दुकानाचो पण सवयीचोच. सगळे एका दमातले. एक मागे घेतलंस तर सगळे मागे."

"ए गोकुळदास, गप बस!" मागून कोणीतरी म्हणाले. "आमच्या काजूचा काय?"

"माझ्या चेडवाची मॅट्रिक असा यंदा!" कोणा मुलीचा बाप ओरडला.

हशा पिकला. पुजाऱ्याने नारळ उचलला. पण कृष्णनाथ लंगडत पुढे आला आणि त्याने नारळावर हात ठेवला.

"धाकूकाका, नको. असो चकवून घेतलेलो व्हय माका नको. गोकुळबाब, काय इचारूचा ता तोंडार इचार."

गोकुळदासाने वर राहिलेला हात खाली घेतला. मग म्हणाला, "तू जाडो कसो झालंस?"

"पाय प्लास्टरात. काम नाय. दोन वेळ रोटी आणि डाळ. तू दुकानात बसान कसो झालंस?"

बायकांनी तोंडाला पदर लावले. गोकुळदासानेही पोट जरा आत ओढले.

"आणि तेंका काय सांगलंस?"

"नाव, नंबर, हुद्दो. एकान इचारल्यान, तुझ्या गावाकडे पूल किती? म्हटलंय, एकय नाय, होडीन जातंव. झालो काय कळवतंय."

यावर धाकूलाही हसू आवरेना. गोकुळदास मात्र हसला नाही. आवाज खाली आणून त्याने विचारले, "मारल्यानी?"

कृष्णनाथाने आईकडे पाहिले.

"ता आवशीसमोर नको," तो म्हणाला.

गोकुळदासाने मान खाली घातली. मग म्हणाला, "धाकूकाका, परत घाल गाऱ्हाणा. पण सावकाश. ह्या खेपेक ऐकान म्हणतलंय."

धाकूने पुन्हा उपरणे सावरले. एकेक शब्द सुटा ठेवत त्याने कृष्णनाथाचे नाव घेतले, बापाचे घेतले, घराचे घेतले. इतका वेळ लागला की पुजाऱ्याला कापूर दोनदा लावावा लागला. शेवटचे "रे म्हाराजा" आले तेव्हा होकार एकसाथ उठला नाही. आधी गोकुळदास, मग दारापाशी कोणीतरी, मग चार बायका, मग पाठीमागची रांग, असा तो तुटक तुटक, मागेपुढे येत राहिला. देवकी प्रत्येक आवाजाकडे वळून पाहत होती.