पक्क्या रंगाची गोळी

आबासाहेबांनी तीस वर्षं चादरींचं रंगकाम केलं आणि मग एका व्याह्याच्या नादाने १९७६ साली होटगी रस्त्याला औषधाचा कारखाना काढला. माणूस दिलदार, पण रंगाऱ्याचा स्वभाव काही सुटला नाही. चादर उकळत्या पाण्यात टाकायची, पाणी स्वच्छ राहिलं तर माल पास. जगातल्या सगळ्या मालाची पारख एवढ्यावरच होते, असं त्यांचं ठाम मत होतं.

मी तिथला केमिस्ट. सांधेदुखीची नारिंगी गोळी हा आमचा मुख्य माल. तिच्यातलं औषध मुळातच पाण्याशी फटकून वागणारं, म्हणून मी एक तपासणी सुरू केली. तारेच्या जाळीच्या डबीत गोळी ठेवायची, ती कोमट पाण्यात फिरवायची आणि अर्ध्या तासाने पाण्यात किती औषध उतरलं ते मोजायचं. पहिल्या दिवशी सहा गोळ्या फिरवल्या. अर्ध्या तासाने सहाच्या सहा तशाच. तासाभराने पाहिलं, तरी तशाच. कारण उघड होतं. रंग जाऊ नये म्हणून आबासाहेबांनी मला न विचारताच गोळीवरचा लाखेचा लेप तिप्पट करायला लावला होता.

ते स्वतः पाहायला आले. काचेचं भांडं खिडकीशी धरलं आणि खूश झाले.

"थेंबभर रंग सुटला न्हाय. लिवा, पास."

मी परोपरीने सांगितलं की इथे नेमकं उलटं आहे. गोळी विरघळलीच नाही तर औषध रक्तात जाणार कसं? त्यांनी मला वेड्यात काढलं. आमची माणसं कडक भाकरी पचवतात, त्यांच्या पोटाची बरोबरी या काचेच्या भांड्याशी करता काय, म्हणाले. सरकारी दवाखान्यांचा पहिला माल आठ दिवसांत जायचा होता, आणि मला दुसरी नोकरी कुठे ठेवलेली नव्हती. मी 'पास' लिहिलं आणि सही केली. शिकलेल्या माणसाचा कणा विरघळायला अर्धा तासही लागत नाही.

पॅकिंगला मंद्रूपची सोजरबाई होती. दिवसभर मांडी घालून खोक्यांवर माझ्या सहीच्या चिठ्ठ्या चिकटवायची. तिचे गुडघे सुजले, उठताना भिंत धरावी लागायला लागली, काम मागे पडायला लागलं. आबासाहेबांनी दिलदारपणे तिला तीस गोळ्या फुकट दिल्या. पंधरा दिवस रोज दोन घे, गुण आला तर ठीक, नाहीतर घरी बस, असं सांगितलं. तिच्या एकटीच्या पगारावर घर चालायचं. माझ्या तोंडाशी शब्द आले होते, पण मी गिळले. पोटात कदाचित विरघळतही असतील, अशी मीच माझी समजूत घातली.

सोळाव्या दिवशी आबासाहेबांनी तिला माझ्यासमोरच बोलावलं. ती भिंतीला धरून आली. गुण आला का, म्हणून त्यांनी विचारलं. तिने पदराची गाठ सोडली आणि टेबलावर अकरा नारिंगी गोळ्या ठेवल्या.

"गोळीत खोट न्हाय, मालक. परसाकडं गेलं की जशीच्या तशी पडती. घावल्या तेवढ्या धुवून आणल्यात. कुणाच्या तरी उपेगी पडत्याल."

दुसरा कुणी असता तर खुर्ची मागे सरकवून उठला असता. आबासाहेबांनी एक गोळी चिमटीत घेतली, खिडकीशी धरली, उलटीपालटी करून पाहिली. त्यांचे डोळे चमकले. आतड्यातून फिरून आली तरी रंग आहे तसा आहे, असं ते मला दोनदा म्हणाले. मग सोजरबाईकडे वळले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"माल पक्का हाय, सोजरबाई. गुडघंच कच्चं निघालं तुझं."

सोमवारपासून येऊ नको, असं त्यांनी तिला समजुतीने सांगितलं.

दाराच्या तीन पायऱ्या उतरायला मी तिला हात दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मला ठाऊक होतं, आधीच सांगायला हवं होतं, असं काहीतरी पुटपुटलो. शेवटच्या पायरीवर ती दम घ्यायला थांबली.

"मला वाचाय कुटं येतंय, सायेब," ती म्हणाली. "पर तुमची सही वळखू येती. ती बघूनच खाल्ल्या की."