दोष कड्यांचाच

त्या उन्हाळ्यात आमच्या टेबलावर जेवायला जागा नव्हती. जिकडे बघावं तिकडे कड्या. रायफलीच्या पाठीवर दुर्बीण घट्ट बसवायच्या कड्या हो, पोलादी, अ‍ॅल्युमिनियमच्या, ठेंगण्या, उंच. मी पावाचं पीठ मळायला घेतलं की माझा नवरा ताइस्तो ओरडायचा, "हिल्का, पीठ उडवू नकोस, स्क्रूच्या आट्यांत जाईल!" म्हणजे माझ्याच घरात मला पीठ मळायची चोरी.

झालं असं, की ताइस्तो मूसच्या परीक्षेत नापास झाला. आमच्याकडे मूसच्या, म्हणजे घोड्याहून उंच अशा रानटी सांबराच्या, शिकारीला जायचं तर दर तीन वर्षांनी नेमबाजीच्या मैदानावर मूसच्या चित्रावर चार गोळ्या झाडून दाखवाव्या लागतात, चारही छातीवरच्या गोलात. एक जरी बाहेर गेली तरी कार्ड नाही, आणि कार्ड नाही तर रायफल घेऊन शिकारीला उभं राहता येत नाही. दलदलीकाठी जो मोठा धोंडा आहे, तिथे ताइस्तो लग्नाच्या आधीपासून उभा राहतोय. आणि यंदा त्याच्या दोन गोळ्या बाहेर! शिकारमंडळाचा म्होरक्या वेइक्को म्हणाला, "असू दे रे, यंदा तू तळावर सूप ढवळायला ये." सगळे हसले. ताइस्तोही हसला. परतताना गाडी मी चालवली, हल्ली मीच चालवते.

दारात आल्यावर तो म्हणाला, "दुर्बीण हलतेय. कड्या गेल्यात."

माहेरी असताना मीही रायफल चालवायचे, बरी चालवायचे, पण तेव्हा कसली दुर्बीण नि कसलं काय. म्हटलं, गेल्यात तर बदल.

मग जो घोळ सुरू झाला तो काही विचारू नका. दुकानदार यार्मो म्हणाला, पोलादीच घे. वेइक्को म्हणाला, पोलाद कशाला, उगाच वजन. रायफलीच्या पाठीला खाचा आहेत ना, त्यांत थेट बसणाऱ्या घे, मधे पट्टी नको. शेजारचा ओइवा म्हणाला, पट्टीशिवाय काही खरं नाही. एक म्हणे दुर्बीण जितकी खाली तितकी बरी. दुसरा म्हणे, खाली खाली करत नळीला टेकली की बोंबला! स्क्रू अंगातला सगळा जोर लावून आवळायचे, की मापाच्या पान्यानं बेताचे? यावरून तर माझ्या ओट्यासमोर भांडण झालं, आणि वेलचीचे पाव संपले तरी मिटेना. शेवटी मी ओइवाला विचारलं, "तुझ्या रायफलीला कुठल्या आहेत रे?"

"मला काय ठाऊक? मेहुण्यानं बसवून दिल्यात."

आता बोला!

प्रत्येक नवी जोडी बसवली की ताइस्तो मैदानावर जायचा आणि तोंड पाडून परत यायचा. गोळ्या कधी डावीकडे, कधी वर. मला काही समजेनासं झालं. इतक्या तऱ्हेच्या कड्या, आणि सगळ्याच कशा ढिल्या निघतील? की ताइस्तोचंच काही बिनसलंय? तो पेपर वाचेनासा झाला होता. पण जमिनीवर पडलेला तिळाएवढा स्क्रू माझ्याआधी त्यालाच सापडायचा. मग डोळ्यांना काय झालंय म्हणू? सकाळी वाटायचं, म्हातारा झाला. दुपारी वाटायचं, छे, यार्मोनं गळ्यात भिकार माल मारलाय. त्यालाच विचारावं, तर माझी छाती होत नव्हती.

वेइक्को म्हणाला, "आण इकडे, मी झाडून बघतो. लगेच कळेल." यात काय वावगं होतं? पण ताइस्तोनं रायफल अशी पोटाशी धरली, की वेइक्कोनं हात मागे घेतला. तेव्हा मला उमगलं. दोष कड्यांचा की आणखी कशाचा, ते ताइस्तोला कळायलाच नको होतं.

मोसमाआधीच्या शेवटच्या परीक्षेला आम्ही लवकर पोचलो. नवी जोडी यार्मोनं स्वतः मापाच्या पान्यानं बसवून दिली होती. बाकीची मंडळी पलीकडे कॉफी पीत होती. ताइस्तोनं सरावाच्या तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही तीन दिशांना. मग त्यानं रायफल माझ्यापुढे धरली.

"तू झाड."

"मी? डोकं फिरलंय का तुझं?"

"झाड म्हणतो ना."

मी झाडली. दुर्बिणीतून बघितलं, तर भोक गोलाच्या मधोमध. कड्यांना काही म्हणजे काही झालं नव्हतं. आता काय करू? दुसरीही आत घातली, तर माझ्या माणसाला सुपाच्या हंड्यामागे उभा करणारी मीच. बाहेर घालवली, तर अजून थोडे दिवस त्याला कड्यांना शिव्या देता येतील. चाप ओढता ओढता मी नळी जराशी बाजूला नेली. गोळी गोलाबाहेर.

"बघ," मी म्हणाले, "हलतेय मेली. यार्मोला तोंडावर फेकून मारते या कड्या."

ताइस्तो हळूच म्हणाला, "नळी सरकवलीस तू."

"मी कशाला—"

"हिल्का, कडेचं दिसतं मला अजून. मधलंच गेलंय. जिथं नेम धरावा तिथं नुसता डाग. डॉक्टर वसंतातच म्हणाला, यावर उपाय नाही. तरी मला वाटत राहिलं, कड्याच असतील." त्यानं खिशातून दोन गोळ्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. "या नीट झाड."

मी झाडल्या. डोळे पुसत, नाक ओढत झाडल्या, आणि दोन्ही आत गेल्या.

ताइस्तो वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "वेइक्को! कड्या उत्तम आहेत. डोळे गेलेत माझे. परीक्षेच्या यादीत हिल्काचं नाव घाल."

पलीकडे कुणीच हसलं नाही. वेइक्को कप ठेवून उठला आणि आमच्याकडे यायला लागला.

"मला नाही जमायचं रे," मी म्हणाले.

"जमेल. मूस दिसायच्या आधी ऐकू येतो. ते मी सांगत जाईन तुला," ताइस्तो म्हणाला आणि रायफल घ्यायला त्यानं हात पुढे केला. तो हात माझ्या खांद्यापाशी चाचपडला, म्हणून मीच ती त्याच्या हातात नेऊन दिली.