तीन हातांची सही

टोलेडोच्या एका शाळेत ओडेसा टॉलिव्हरने अठ्ठावीस वर्षं हजेरी सांभाळली. आईच्या नावाने मुलांनी ठोकलेली सही ती चिठ्ठी हातात येताच ओळखायची. त्यामुळे घराच्या जप्तीचे कागद आले तेव्हा तिने मजकुराआधी सह्या पाहिल्या.

"व्हर्लन, इकडे ये," तिने नवऱ्याला हाक मारली. "ही मार्ला पेन्सविक. कर्ज वसूल करणाऱ्या कंपनीची उपाध्यक्ष म्हणे. आपलं कर्ज आता या कंपनीकडे आलं, असं सांगणारे तीन कागद, आणि तीन तऱ्हेच्या सह्या. एकीत एम तंबूसारखा, दुसरीत नुसती नागमोडी रेघ. या बाईला हात तरी किती आहेत?"

व्हर्लन जवळ आलाच नाही. "असेल घाईत. आपण नाद सोडू, बहिणीकडे जाऊन राहू."

"का म्हणून? चोराने यावं आणि आपण दार उघडून द्यावं?"

कंपनीने फेडरल कोर्टात दावा लावला होता. तो लढवायचाच, असं ओडेसाने ठरवलं. गरिबांचे खटले चालवणाऱ्या संस्थेकडून कोवाल्चिक नावाची तरुण वकील मिळाली. ती एक पैसा घेत नव्हती, आणि तेच ओडेसाला खटकलं. फुकटचा वकील म्हणजे नक्की दुसऱ्याचा माणूस! आठवडाभर तिने मूळ कागद दिलेच नाहीत, प्रतींवर भागवलं. फोनवर कुणी बोललं की त्याचं नाव दोनदा विचारून लिहून ठेवायची. शेजारच्या रिकाम्या घरासमोर गाडी थांबली तरी पडदा सरकवून नंबर बघायची. हप्त्यांचा हिशेब व्हर्लन बघायचा; दाव्यातला रकमेचा आकडा फुगलेला दिसला, तीही तिने कंपनीचीच लबाडी धरली. संशय साऱ्या गावावर, फक्त घरातल्या माणसावर नाही.

खरं तर व्हर्लनचंच काहीतरी बिनसलं होतं. ताटातलं तसंच टाकून गॅरेजमध्ये जाऊन बसायचा. टपाल तिच्या आधी काढायचा. घराची धास्ती घेतली असेल, म्हणून तिने सोडून दिलं.

सुनावणीत ओडेसा साक्षीला उभी राहिली. कंपनीच्या वकिलाने एक कागद तिच्यापुढे धरला. "मॅडम, दुसऱ्यांच्या सह्या फार बारकाईने बघता. सहा वर्षांपूर्वी तुम्ही घर पुन्हा गहाण टाकलंत. त्यावरची ही सही तुमचीच ना?"

पुन्हा गहाण? तेव्हा तर कर्ज फिटत आलं होतं. नाव तिचंच होतं, पण टॉलिव्हरच्या टी-वरची आडवी रेघ उजवीकडे वर चढत गेली होती. असा टी ती चाळीस वर्षं वाढदिवसाच्या कार्डांवर पाहत आली होती. त्याच साली छप्पर नवं झालं होतं. कारखान्यातल्या युनियनने थकलेले पैसे मिळवून दिले, असं व्हर्लन म्हणाला होता.

"ही सही माझी नाही."

वकील हसला. "मग कुणाची?"

"ज्याची असेल त्याने सांगावं."

समोरच्या टेबलामागून व्हर्लन हळूहळू उठला. "माझी, जज्जसाहेब. हिला काही ठाऊक नव्हतं."

कोवाल्चिकबाईने कपाळाला हात लावला. न्यायाधीश मात्र कंपनीच्या वकिलाकडे वळले. "त्यांची लबाडी त्यांनी सांगितली. आता तुमची सांगा. या मार्ला पेन्सविक कुठे आहेत?"

वकील कागद चाळत राहिला. त्यात पेन्सविकबाई सापडणार नव्हत्या.

"तुझ्या आईच्या पलंगावर पाणी गळत होतं," गाडीत बसल्यावर व्हर्लन पुटपुटला. "कारखान्यात काम कमी झालेलं. तुला सांगायची लाज वाटली."

"आणि सही करताना?"

व्हर्लनने गाडी सुरू केली.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. दावा लावला त्या दिवशी कर्ज आपल्याकडे होतं, हे कंपनीला दाखवता आलं नाही, म्हणून दावा फेटाळला गेला. खरे कागद घेऊन कंपनी पुन्हा येऊ शकत होती. पण पेन्सविकबाईंची चौकशी होण्यापेक्षा तडजोड तिला बरी वाटली. हप्ता निम्म्यावर आला आणि घर राहिलं.

ओडेसाने नवऱ्याला हाकललं नाही. माफ केलं, असंही म्हणाली नाही. तडजोडीचे कागद आले तेव्हा त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोर बसवून तिने ओळ न् ओळ मोठ्याने वाचली. दुपार उलटून गेली.

"कॉफी करू?" त्याने भीतभीत विचारलं.

"कर," ती मान वर न करता म्हणाली. "पण इथंच, माझ्यासमोर."